फोर्ट कोची आणि मट्टांचेरी पायी कशी बघायची: वार ठरवण्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत

मी मालवणचा. किल्ला म्हटलं की सिंधुदुर्गाचा तट डोळ्यासमोर येतो, त्यामुळे पहिल्यांदा फोर्ट कोचीला उतरलो तेव्हा ऑटोवाल्या चेट्टनला (मल्याळममध्ये दादा) पहिला प्रश्न हाच विचारला की फोर्ट कुठंय. तो म्हणाला, हाच फोर्ट, आपण त्यातूनच चाललोय. रस्ता, मोठमोठी झाडं, एक बेकरी, शाळेतून सुटलेली पोरं, तट कुठेच नाही. हे नीट समजून घेतलं नाही तर कोचीत दोन दिवस फिरूनसुद्धा माणूस चिनी जाळ्यांचे फोटो घेऊन परत येतो, असे बरेच जण मी बघितलेत. म्हणून हा लेख. माझ्या तीन फेऱ्या झाल्यात, त्यातून जो क्रम मला सगळ्यात चांगला वाटला तो सांगतो.

आधी फक्त एवढी गोष्ट डोक्यात ठेवा. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, कोडुंगल्लूरकडचं जुनं बंदर गाळाने भरत गेलं आणि इकडे कोचीचं तोंड खुलं झालं. म्हणजे हे बंदर पुराने दिलेलं. १५०० च्या डिसेंबरात पोर्तुगीज दर्यावर्दी कब्राल इथे पोचला, कालिकतच्या सामुतिरीशी, म्हणजे तिथल्या राजाशी, त्याचं बिनसलं होतं आणि कोचीच्या राजाचंही सामुतिरीशी वैर होतं, तेव्हा दोघांचं जमलं. १५०३ मध्ये राजाने किल्ला बांधायची परवानगी दिली, तो सुरुवातीला माडाच्या ओंडक्यांचा होता, युरोपियन लोकांनी भारतात बांधलेला हा पहिला किल्ला. १६६३ मध्ये डच आले, त्यांनी पोर्तुगिजांना हाकललं आणि किल्ला कापून लहान केला. १७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये त्यांनी उरलेला तट पाडून टाकला. प्रत्येकाने आधीच्याचं काहीतरी पाडलं आणि काहीतरी वापरायला ठेवलं, आणि जे ठेवलं तेच आज आपण बघायला जातो. तुम्हाला किल्ला शोधायचा नाही, थर ओळखायचे आहेत.

सगळ्यात आधी वार बघा, तारीख नंतर

हे मी वर घेतोय कारण माझी पहिली ट्रिप यातच गेली. आई-बाबांना घेऊन शुक्रवारी दुपारी पोचलो आणि शनिवार-रविवार राहिलो. शुक्रवारी मट्टांचेरी पॅलेस बंद, परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी आणि शनिवारी बंद, शनिवार तर शब्बाथच, त्यांचा विश्रांतीचा दिवस. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, तेव्हा आत फिरणं बरं दिसत नाही. आईला सिनेगॉगच्या त्या निळ्या फरशा बघायच्या होत्या, ती बाहेरच्या गल्लीत उभी राहून परत आली आणि मला ते अजून लागतं.

तेव्हा मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस मिळाले तर उत्तम. सोमवारी इंडो-पोर्तुगीज म्युझियम बंद असतं, त्रिपुणित्तुराचा हिल पॅलेससुद्धा सोमवारी बंद. वीकेंडच जमत असेल तर रविवार मट्टांचेरीला द्या (त्या दिवशी सिनेगॉग आणि पॅलेस उघडे असतात, ज्यू सणाचा दिवस नाही ना ते बघून घ्या) आणि शनिवार फोर्ट कोचीला. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

महिने सांगायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी. जूनपासूनचा पाऊस आपल्या कोकणासारखाच धो धो, छत्रीला तो दाद देत नाही, आणि ही सगळी ट्रिप पायी करायची आहे. मार्च-एप्रिलमध्ये घामाने हैराण व्हाल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र वेगळाच असतो, त्यावर पुढे येतो.

पोचायचं कसं आणि राहायचं कुठे

मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने एर्नाकुलम जंक्शनला सोडते, पुण्याहून पूर्णा एक्सप्रेस आहे. दिवस-रात्रीचा प्रवास आहे पण मला विमानापेक्षा हीच गाडी आवडते, कारण रत्नागिरी, मडगाव, कारवार, मंगळूर असा तो सगळा किनारा खिडकीतून सरकत जातो आणि मट्टांचेरीत जे कोकणी लोक भेटतील त्यांचे पूर्वज याच किनाऱ्याने खाली सरकत गेले होते. विमानाने गेलात तर एअरपोर्ट नेडुंबाश्शेरीला आहे, फोर्ट कोचीपासून बराच लांब, ट्रॅफिक धरून दीड तास हातात ठेवा.

एर्नाकुलम हे आजचं शहर, ऑफिसं, मॉल, मेट्रो सगळं तिकडे. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी पलीकडच्या तुकड्यावर. रस्त्यानेही जाता येतं पण ते करू नका, पाण्यावरून जा. हायकोर्ट टर्मिनलवरून वॉटर मेट्रो थेट फोर्ट कोचीला जाते, इलेक्ट्रिक बोट, एसी, सुरू झाली तेव्हा भाडं ४० रुपये होतं. आणि एर्नाकुलमच्या मेन जेट्टीवरून राज्य सरकारची साधी बोट सुटते, ती काही रुपयांत नेते, खिडकीला काच नाही, वारा तोंडावर येतो, कामावर जाणारी माणसं शेजारी बसलेली असतात. जाताना साधी बोट आणि येताना वॉटर मेट्रो असं करा. वाटेत विलिंग्डन बेट दिसेल, ते नैसर्गिक नाही. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर १९२० मध्ये इथे आला, बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा त्याने कापून काढला आणि खोल करताना निघालेल्या गाळाचं हे बेट तयार झालं. इंग्रजांचा थर बघायचा तर खरा इथे आहे, चर्चपेक्षा जास्त.

राहायला फोर्ट कोचीतच होमस्टे घ्या. खूप घरं आहेत, जुनी, लाकडी जिन्यांची, वर पंखा आणि खाली अंगण, नाश्त्याला अप्पम आणि स्ट्यू किंवा पुट्टू-कडला. एर्नाकुलमला राहून रोज ये-जा केली तर सकाळचे सहा ते आठ हातचे जातात, आणि हे गाव सकाळी सहा ते आठमध्येच आपलं वाटतं.

पहिली सकाळ: समुद्रापासून सुरुवात

साडेसहाला बाहेर पडा. आधी चीनवला, म्हणजे चिनी जाळी. सागवान आणि बांबूचा उंच सांगाडा, पुढे पसरलेलं जाळं, मागे दोरांना बांधलेले दगड. एक माणूस तुळईवर चालत पुढे गेला की जाळं पाण्यात उतरतं, मग चार-सहा जण मागचे दोर ओढतात आणि दगडांच्या वजनाने ते वर येतं. आपल्या रापणीसारखी माणसं लागतात पण तत्त्व तराजूचं. ही चीनमधून कधी आली यावर एकमत नाही, कोणी झेंग हे या चिनी दर्यावर्दीच्या पंधराव्या शतकातल्या ताफ्याचं नाव घेतं, तर काही अभ्यासक म्हणतात की पोर्तुगिजांनी मकाऊहून आणली, कारण भागांची नावं पोर्तुगीज वळणाची आहेत. संध्याकाळी इथे नुसती गर्दी असते आणि जाळं बऱ्याचदा फोटोसाठी खालीवर होतं. सकाळी खरंच मासे काढतात. कोणी दोर ओढायला बोलावलं तर जा, पण नंतर पैसे द्यायचे असतात हे धरून चला आणि आनंदाने द्या, मासळी पूर्वीसारखी मिळत नाही.

शेजारी मासेवाले बसतात, तिथे मासा घेऊन बाजूच्या टपरीत तळून मिळतो. मला एकदा वजन आणि शिजवणावळ मिळून भलतंच बिल लागलं होतं, तेव्हा किलोचा भाव, तुकड्यांचं वजन आणि शिजवायचे पैसे तिन्ही आधी ठरवून घ्या.

तिथून समुद्राकाठच्या वॉकवेने पश्चिमेकडे चालत निघा, रेन ट्री म्हणजे ती छत्रीसारखी पसरलेली झाडं डोक्यावर आहेत, मूळची अमेरिका खंडातली. पुढे डच सिमेटरी लागते, १७२४ ची. बहुतेक वेळा कुलूप असतं, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये विचारलं तर कधी कधी उघडून देतात, नाहीतर फाटकातूनच बघा. चुन्याच्या उंच थडग्यांवर डच अक्षरं आहेत. हॉलंडमधून मिरीसाठी निघालेली माणसं, परत गेली नाहीत.

सेंट फ्रान्सिस चर्च: इथे घाई करू नका

सगळ्या गावात एकच इमारत बघायला वेळ असेल तर मी ही सांगेन. बाहेरून साधी, पिवळट, आपल्याकडच्या मिशन शाळेसारखी. १५०३ मध्ये लाकडी होती, १५१६ मध्ये दगडी झाली. वास्को द गामा तिसऱ्यांदा भारतात आला तो व्हाइसरॉय म्हणून, आणि २४ डिसेंबर १५२४ ला कोचीतच गेला. त्याला इथे पुरलं, पुढे १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा जमिनीत आहे, पितळी कठडा लावलाय, सगळे तिथे जाऊन फोटो काढतात आणि निघतात.

तुम्ही मात्र भिंतींकडे बघा. पूर्वी जमिनीत असलेले थडग्यांचे दगड काढून भिंतींना लावलेत, एका बाजूला पोर्तुगीज आणि समोरच्या बाजूला डच. एकाच छपराखाली कॅथलिक, मग डचांचा प्रोटेस्टंट पंथ, मग १८०४ पासून अँग्लिकन, आणि आता चर्च ऑफ साउथ इंडिया. जिंकलेल्यांनी हरलेल्यांची बहुतेक चर्चं पाडली, हे एक ठेवलं कारण त्यांनाही प्रार्थनेला जागा लागत होतीच. वर लांब कापडी पंखे टांगलेत, दोर बाहेर जातात, बाहेर बसून कुणीतरी ते ओढायचं म्हणजे आत साहेबाला वारा. तो दोर भिंतीतून जिथे बाहेर पडतो ते भोक मी शोधून बघितलं, तुम्हीही बघा. आत वारा घेणाऱ्यांची नावं दगडावर आहेत आणि दोर ओढणाऱ्याचं कुठेच नाही.

१७५१ ते १८०४ मधल्या बाप्तिस्मा आणि लग्नांची डच नोंदवही इथली आहे, तिची प्रत बघायला ठेवलेली असते, ती चुकवू नका.

परेड ग्राउंड आणि डेव्हिड हॉल, म्हणजे आपली एक गोष्ट

चर्चच्या मागे मोठं मैदान आहे, पोर्तुगीज, डच, इंग्रज तिघांच्या फौजांनी कवायत केलेलं, आता पोरं फुटबॉल आणि क्रिकेट खेळतात. कडेला व्हीओसी गेट, १७४० चं, डच ईस्ट इंडिया कंपनीची ती गुंतलेली अक्षरं वर कोरलेली. आणि जवळच डेव्हिड हॉल, सतराव्या शतकाच्या शेवटची डच बांधणी, आता गॅलरी आणि कॅफे.

या घराशी व्हॅन रीड या डच अधिकाऱ्याचं नाव जोडलं जातं. १६७० च्या दशकात तो मलबारचा कमांडर होता आणि त्याने इथल्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस नावाचा ग्रंथ करवून घेतला, १२ खंड, १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले. आता हे नीट वाचा. या कामात इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि त्यांच्याबरोबर तीन कोकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणीत, नागरी लिपीत छापलंय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीत कोचीत बसलेले गोव्याकडचे तीन भट आपल्या अक्षरांत सही करतायत आणि ते पान ॲम्स्टरडॅमला छापलं जातंय! मला हे कळलं तेव्हा मी त्या मैदानावरच्या झाडाखाली बराच वेळ बसून राहिलो. ते कोचीत कसे आले ते दुसऱ्या दिवशी मट्टांचेरीत कळेल.

मैदानाजवळच बिशप हाऊस आहे, १५०६ चं, पोर्तुगीज गव्हर्नरचं घर म्हणून बांधलेलं, त्याच्याच आवारात इंडो-पोर्तुगीज म्युझियम. लाकडी वेदी, मिरवणुकीचे क्रूस, जुने पोशाख. अर्धा तास पुरे. तिथून सांताक्रूझ बॅसिलिका. जुनं पोर्तुगीज कॅथेड्रल इंग्रजांनी १७९५ मध्ये पाडलं, आताचं १९०५ चं. आतली चित्रं इटालियन ब्रदर मोस्केनीची आहेत, ज्याचं काम मंगळूरच्या सेंट अलॉयशियस चॅपलमध्ये बघितलेल्यांना लगेच ओळखू येईल. सेंट फ्रान्सिसचा साधेपणा डोळ्यात असतानाच इथे आलात तर पंथाचा फरक भिंतीच सांगतात, म्हणून हा क्रम.

एव्हाना अकरा वाजलेले असतात आणि ऊन चढतं. प्रिन्सेस स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट, रोझ स्ट्रीट अशा गल्ल्यांतून निवांत चालत होमस्टेला या, वाटेत कॅफे भरपूर. बेकरीत ब्रूडर विचारा, डचांकडून आलेला गोडसर, मनुके घातलेला ब्रेड, नाताळच्या आसपास हमखास मिळतो. चालता चालता दोन शब्दांकडे कान ठेवा, मल्याळममध्ये किल्लीला चावी म्हणणारे लोक भेटतील आणि गवंडी-सुताराला मेस्त्री. दोन्ही शब्द पोर्तुगीज, दोन्ही आपल्याकडेही रोजचे. आमच्या मालवणात तर मेस्त्री हे आडनाव आहे.

दुपारी झोपा. खरंच सांगतोय.

संध्याकाळचा कार्यक्रम

फोर्ट कोचीत दोन-तीन ठिकाणी रोज संध्याकाळी तासाभराची कथकली असते. मूळ कथकली रात्रभर चालते, ही पाहुण्यांसाठी आखूड केलेली, पण कमी लेखू नका. एक गोष्ट नक्की करा, खेळ सहाला असेल तर पाचला जाऊन बसा, कलाकार स्टेजवरच रंग लावतात. तांदळाच्या पिठाची ती पांढरी कड गालावर थर देत कशी उभी करतात ते बघताना दशावतारात स्वतःचा स्वतः चेहरा रंगवणारे आमचे नट आठवले.

पण कोचीच्या पोर्तुगीज काळातून खरं काय उगवलं असेल तर ते चविट्टु नाटक. चविट्टु म्हणजे पाय आपटणं. लॅटिन कॅथलिक लोकांचा हा नाट्यप्रकार, लाकडी मंचावर बूट आपटत नाचायचं, अंगावर युरोपियन राजांचे चमचमते पोशाख, कथा शार्लमेन या जुन्या युरोपियन सम्राटाची, आणि भाषा तमिळ-मल्याळम मिसळलेली. तो रोज होत नाही. कोचीच्या उत्तरेला गोतुरुत्त नावाचं गाव याचं मोठं केंद्र. होमस्टेच्या मालकांना आल्या आल्या विचारून ठेवा की या दिवसांत कुठे प्रयोग आहे का, मिळाला तर बाकी कुठलाही प्लॅन मोडा.

आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे कोचीन कार्निव्हल. ३१ ला मध्यरात्री पप्पांजी नावाचा मोठा म्हातारा पुतळा जाळतात, सरणारं वर्ष म्हणून. नाव पोर्तुगीज वळणाचं, आणि जाळायला गावातले सगळ्या धर्माचे लोक. गर्दी अफाट असते, लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर लांबूनच बघा, राहायचं बुकिंग दोन-तीन महिने आधी करा आणि त्या रात्री बोट मिळेल या भरवशावर एर्नाकुलमला खोली घेऊ नका.

दुसरा दिवस: मट्टांचेरी, चालतच

फोर्ट कोची ते मट्टांचेरी ऑटोने दहा मिनिटं. पण एका बाजूने तरी चाला, कल्वती रोडने निघून बाजार रोडने, साधारण तीन किलोमीटर. वाटेत ॲस्पिनवॉल हाऊस लागतं, १८६७ मध्ये सुरू झालेल्या इंग्रज व्यापारी कंपनीची वखार, मिरी, सुंठ, काथ्या, चहा. २०१२ पासून कोची-मुझिरिस बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन भरू लागलं त्याची ही मुख्य जागा झाली, बिएनाले चालू असताना गेलात तर पेपर हाऊससारख्या (पेपर म्हणजे मिरी) जुन्या गोदामांच्या आतसुद्धा जाता येतं. बाजार रोडला एका बाजूला गोदामं आणि त्यांच्या मागे थेट पाणी, तिथून माल बोटीत. सुंठेचा, वेलचीचा वास अजून येतो. हमाल पोती काढत असतात, रस्ता अरुंद आहे, त्यांच्या कामात मध्ये उभं राहून फोटो काढू नका.

मट्टांचेरी पॅलेसला लोक डच पॅलेस म्हणतात पण तो पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला भेट दिला, डचांनी नंतर दुरुस्त केला. बाहेरून साधा, उतरती कौलं. आत राजाच्या निजायच्या खोलीत, पल्लियरामध्ये, भिंतभर रामायण आहे, पुत्रकामेष्टीपासून अयोध्येला परत येईपर्यंत. रंग मातीचे, पानांचे, माणसं एकमेकांना चिकटून, मोकळी जागाच नाही. मी गेलो तेव्हा फोटो काढू देत नव्हते आणि ते बरंच होतं. सवय होईपर्यंत अंधुक वाटतं, पाच मिनिटं नुसते उभे राहा, मग एकेक चेहरा वर येतो.

बाहेर आलात की बघा, राजवाडा, त्याच्या आवारातलं भगवतीचं देऊळ आणि सिनेगॉग सगळं एकमेकांना लागून. स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेल्या ज्यूंना राजाने आपल्या वाड्याशेजारी जागा दिली आणि १५६८ मध्ये सिनेगॉग उभं राहिलं. नाव परदेसी सिनेगॉग, शब्द आपलाच. डचांची बाजू घेतली म्हणून १६६२ मध्ये पोर्तुगिजांनी ते जाळलं, पुढच्याच वर्षी डच आले आणि ज्यूंनी पुन्हा उभारलं. घड्याळाचा मनोरा १७६० चा, एझेकिएल रहाबी या व्यापाऱ्याने बांधलेला, तबकड्यांवर हिब्रू, रोमन आणि मल्याळम आकडे. आत चपला काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. जमिनीला चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या फरशा, वर बेल्जियमची झुंबरं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, आता इथे राहणारे ज्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्या अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल, शनिवार तेली म्हणतात ते, त्यांना प्रार्थना आणि विधी शिकवायला कोचीहून ज्यू शिक्षक कोकणात येत असत, हे माहीत असलं की या खोलीत उभं राहताना वेगळं वाटतं.

बाहेरच्या ज्यू टाऊनमधली दुकानं आता बहुतेक काश्मिरी शाली आणि अँटिकची आहेत. जुनं लाकूडकाम बघायला जरूर आत जा, घ्यायचं असेल तर सावकाश. ऑटोवाले मसाल्याच्या मोठ्या शोरूमला नेतात, तिथे कमिशन असतं, नको असेल तर हसून पण स्पष्ट नाही म्हणा. मिरी घ्यायची तर बाजार रोडच्या साध्या दुकानातून घ्या.

जेवायला कायीज, मटण बिर्याणी, दुपारी उशीर केला तर संपते. शाकाहारी असाल तर गुजराती रोडला जा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती व्यापारी आहेत, फरसाण मिळतं आणि १९०४ चं देरासर, म्हणजे जैन मंदिर, आहे. ताकद उरली तर कूनन कुरिशु चर्च. ३ जानेवारी १६५३ ला इथे जमलेल्या सीरियन ख्रिश्चनांनी (केरळातलेच जुने ख्रिश्चन) शपथ घेतली की पोर्तुगीज पाद्र्यांचा हुकूम यापुढे मानणार नाही. सगळ्यांचा हात क्रूसाला पोचेना म्हणून क्रूसाला दोर बांधले आणि लोक ते दोर धरून उभे राहिले, असं सांगतात. ख्रिश्चनच ख्रिश्चनांविरुद्ध उभे राहिले, ते आपल्या मलबारी पद्धतीच्या पूजेसाठी.

चेरलाई: इथपर्यंत कोणी येत नाही, तुम्ही या

गाईड इथे आणत नाहीत. चेरलाईत तिरुमला देवस्वम, वेंकटाचलपतीचं मोठं देऊळ, गौड सारस्वतांचं. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्म-न्यायालय, आलं, तेव्हा माणसं देव घेऊन किनाऱ्याने निघाली, कोणी कारवारला थांबलं, कोणी मंगळूरला, आणि काही कोचीपर्यंत आली. गंमत नाही, विचार करण्यासारखं आहे हे, की पोर्तुगिजांची भारतातली राजधानी १५३० पर्यंत कोचीच होती, ती गोव्याला हलली आणि गोव्यातून निघालेली माणसं कोचीच्या राजाच्या आसऱ्याला आली. फोर्टात पोर्तुगीज आणि दोन-तीन किलोमीटरवर त्यांच्यापासून पळालेले लोक. कालचे ते तीन वैद्य याच समाजातले.

देवळात जाताना साधे कपडे, केरळातल्या बऱ्याच देवळांत पुरुषांना शर्ट काढावा लागतो, त्याची तयारी ठेवा, दुपारी बंद असतं म्हणून संध्याकाळी जा. मी बाहेर पायरीवर बसलो होतो, शेजारी दोन आजोबा बोलत होते आणि मला मधलं मधलं कळायला लागलं. मल्याळी हेल, पण शब्द आपले. मी म्हटलं, मी मालवणचो. एकाने माझ्याकडे वळून बघितलं, हात धरला आणि पुढची वीस मिनिटं सोडला नाही. त्यांना गोव्याला जायचं होतं, कधी गेले नव्हते, कुलदेवतेच्या देवळाचं नाव मात्र पाठ. तुमची बोली मालवणी, कोकणी, चित्पावनी काही असेल तर इथे तोंड उघडा. इंग्रजी-हिंदीत विचारलं तर फक्त रस्ता सांगतील.

तिसरा अर्धा दिवस, किल्ला बघायचाच असेल तर

आमच्यासारख्यांचं तटाशिवाय भागत नाही. फोर्ट कोचीहून वायपिनला रो-रो फेरी जाते, गाड्या, स्कूटर, माणसं सगळं एकत्र, पाच-दहा मिनिटं. वायपिन जेट्टीवरून मुनंबमच्या बसमध्ये बसा आणि बेटाच्या पार उत्तर टोकाजवळ पळ्ळिप्पुरम कोट्टा म्हणून उतरा, तासभर लागतो. सरकारी दवाखान्याच्या शेजारी छोटा षटकोनी किल्ला उभा आहे, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधलेला, भारतात शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या युरोपियन बांधकामांपैकी. १६६१ मध्ये डचांनी घेतला, १७८९ मध्ये त्रावणकोरला विकला. जांभा दगड, वर चुना, ओळखीचाच पोत. एवढासा आहे की सिंधुदुर्गाच्या एका बुरुजात मावेल, पण इथून पेरियारचं तोंड दिसतं, तीच नदी जिने १३४१ ला हे सगळं सुरू केलं.

रोज उघडा असेल असं धरू नका, निघण्याआधी होमस्टेत विचारून घ्या. पाणी आणि टोपी बरोबर, सकाळी आठच्या आत निघा. परतताना वायपिनला न उतरता एर्नाकुलम हायकोर्टची बस पकडली तर गोश्री पुलांवरून थेट शहरात येता, गोश्री हे कोचीचंच जुनं नाव, आणि संध्याकाळची गाडी असेल तर स्टेशन तिथून जवळ आहे.